दहा फेऱ्या आणि एक मिनिट चाळीस सेकंद

काराकोल,
जूनचा दुसरा मंगळवार

प्रिय बुरुल,

‘प्रिय’ लिहायला हात वळत नव्हता. वहिनी म्हणाली, नुसतं ‘बुरुल’ लिही, तिला कळेल. पण नुसत्या नावाने सुरू झालेलं पत्र नगरपालिकेच्या नोटिशीसारखं दिसतं, म्हणून लिहिलंय. त्याचा भलताच अर्थ काढू नकोस. फोन केला असता तर तू तुझ्या त्या गोड आवाजात ‘झीपार, कशी आहेस गं’ म्हणाली असतीस आणि मी मूर्खासारखी ‘बरी आहे’ म्हणून मोकळी झाले असते. मला ते नको होतं. वहिनीचा भाऊ उद्या गाडी घेऊन बिश्केकला निघतोय, त्याच्या हातून हे पत्र संध्याकाळपर्यंत तुमच्या प्रशिक्षण केंद्रात पोचेल.

इकडचं म्हणशील तर मी वहिनीच्या गाड्यावर अशलान-फू विकते. दिवसभर थंडगार रसात शेवया घालायच्या, वर तिखट ओतायचं, आणि रशियातून आलेल्या पाहुण्यांना ठसका लागला की पाणी द्यायचं. हाताचा लसणीचा वास आंघोळ केली तरी जात नाही. सकाळी मात्र अजून रेसकोर्सवर जाते. स्टेडियमची धाव-पट्टी दोन वर्षांपूर्वी उखडली ती तशीच आहे. घड्याळ नाही माझ्याकडे, ते आपल्या प्रशिक्षक अगायनी परत मागवून घेतलं, तुला ठाऊकच आहे. एकटी पळते आणि कोणी बघत नाही.

त्या घड्याळांची तुला कधी आठवण येते का गं? अगाय बिश्केकला बदलून गेले तेव्हा आपल्या दोघींच्या मनगटावर एकेक बांधून गेले होते आणि म्हणाले होते की आता मी समोर नसलो तरी तुमचं प्रत्येक पाऊल माझ्या फोनवर दिसेल. आपल्याला काय आनंद झाला होता! दोन आठवड्यांत त्या मेल्या घड्याळाने वीट आणला. एक किलोमीटर जोरात, मग थोडा आराम असा आपला सराव, आणि ते दर किलोमीटरला आपोआप टुर्र करायचं, तेही त्याच्या मनातल्या किलोमीटरला. अगायनी स्वतः चाक फिरवून मोजलेला किलोमीटर कठड्यावरच्या लाल पट्ट्यापाशी संपायचा, आणि घड्याळाचा संपायचा चाळीस-पन्नास पावलं आधीच, पॉप्लरच्या झाडांखाली. आपल्याला लाल पट्ट्यावर बटण दाबायची सवय. म्हणजे घड्याळाने केव्हाच ‘आराम’ सुरू केलेला असायचा आणि आपण बटण दाबलं की त्याला वाटायचं आराम संपला. मग सगळं उलटं. मी जीव तोडून पळतेय आणि घड्याळ म्हणतंय आराम कर, मी धापा टाकत चालतेय आणि ते किंचाळतंय की वेग वाढव.

त्यावर अगायचा फोन यायचा की चौथ्या फेरीत चाललीस का, आणि विश्रांतीत कुत्रं मागे लागल्यासारखी पळालीस का. मी समजावत बसायचे. तू मागून ओरडायचीस, ‘अगाय, तिचा आरामच इतका वेगाचा आहे की बक्षीस आरामालाच द्या!’ मी हसून हसून कठड्याला टेकायचे. त्या दिवसांत तू माझ्यासाठी बोलायचीस. म्हणूनच नंतरचं मला आजतागायत पचलेलं नाही.

आपण किती वेळा विनवलं त्यांना की ते आपोआपचं सगळं बंद करू द्या. पण सेटिंगला हात लावायचा नाही, अशी ताकीद. त्यात ते आपोआप थांबणं होतं. आपण उभ्या राहिलो की घड्याळही थांबायचं, पळायला लागलो की पुन्हा सुरू. अगायनी ते शहरातल्या मुलींसाठी लावलं होतं, सिग्नलला उभं राहावं लागतं म्हणून. आपल्या काराकोलच्या रेसकोर्सवर कुठला आलाय सिग्नल? आपल्याकडे घोडे असतात.

आता त्या गुरुवारचं लिहिते. तू म्हणशील, झाली दोन वर्षं, कशाला उकरतेस. उकरत नाही गं, ते वरच पडलंय.

केंद्रात एकच जागा होती. आशियाई स्पर्धेसाठी अर्ध-मॅरेथॉनच्या संघात आपल्या दोघींपैकी एक जाणार होती आणि अगाय चाचणीला स्वतः येऊ शकत नव्हते, म्हणून चाचणी घड्याळावर. रेसकोर्सच्या दहा फेऱ्या. एकीने पळायचं, दुसरीने सायकलवरून पाणी घेऊन सोबत राहायचं. मंगळवारी तू पळालीस आणि मी सायकलवर. अठ्ठावन्न मिनिटं पन्नास सेकंद. शेवटच्या फेरीत मी तुझ्या नावाने इतकी ओरडले की दुसऱ्या दिवशी माझा घसा बसला होता. ते मी मनापासून केलं होतं, बुरुल, तेव्हा माझ्या मनात पाप नव्हतं.

गुरुवारी मी. सातव्या फेरीला मी तुझ्या मंगळवारच्या वेळेपेक्षा चांगली पुढे होते, तूच ओरडून सांगत होतीस. आणि फाटकातून मामबेत-अताचे घोडे आले. नारिनच्या अशच्या, म्हणजे श्राद्धाच्या जेवणावळीतल्या, शर्यतीसाठी महिनाभर बांधून तयार केलेले, अंगावर झुली, एकामागे एक, चार. शर्यतीसाठी तयार केलेल्या घोड्याला आडवं जायचं नाही, हे आपण चालायला लागलो तेव्हापासून शिकलोय. मामबेत-अतांनी हातही केला नाही. मी आपणहून कठड्याला लागून उभी राहिले. तूही सायकल घेऊन माझ्या शेजारी. तिसरा घोडा बुजला, त्याची झूल घसरली, तू सायकल कठड्याला टेकवून ती झूल उचलून अतांच्या हातात दिलीस. अतांनी तुला आशीर्वाद दिला. एवढ्यात एक मिनिट चाळीस सेकंद गेले, आणि माझ्या मनगटावरचं घड्याळ गुपचूप थांबून राहिलं.

दहावी फेरी संपली तेव्हा आकडा होता अठ्ठावन्न अकरा. मी आकडा बघून एक क्षण खूश झाले, खोटं कशाला सांगू. पण मग मीच म्हणाले की हे धरता येणार नाही, मधे मला दम खायला मिळाला, मी शनिवारी पुन्हा पळते. माझा फोन घरी होता. तुझा तुझ्या खिशात होता. मी तुला म्हणाले, ‘अगायना आत्ताच कळव, नाहीतर घरी गेल्या गेल्या हे घड्याळ आपलं आपण सगळं पाठवून देईल.’ तू फोन काढलास, बोटं चालवलीस आणि म्हणालीस, ‘कळवलं.’ मी तुझ्या पाण्याच्या बाटलीतलं उरलेलं पाणी प्यायले आणि आपण घरी गेलो.

तू काय लिहिलंस त्या फोनवर? की काहीच नाही लिहिलंस, नुसती बोटं चालवलीस? दोन वर्षं मी हाच एक प्रश्न घोळवतेय.

शुक्रवारी सकाळी अगायचा फोन आला. मी पीठ मळत होते, वहिनीने फोन माझ्या कानाला धरला. ते म्हणाले, पळण्याचा वेळ एक आणि एकूण वेळ दुसरा दिसतोय, मधे बसून घेतलंस आणि मला सांगितलंही नाहीस. मी घोड्यांचं सांगायला लागले. ते म्हणाले, ‘मी बुरुलला विचारलं. ती पाणी भरायला नळावर गेली होती, तिने काही पाहिलं नाही.’ मग म्हणाले, ‘नऊ वर्षं शिकवलं तुला, झीपार. हरली असतीस तरी चाललं असतं.’

नळावर! अगं, रेसकोर्सच्या नळाला त्या वसंतापासून थेंब नव्हता. आपण दोघी घरून बाटल्या भरून न्यायचो. खोटं बोलायचं तर जरा धड तरी बोलायचंस. पण अगाय बिश्केकला, त्यांना नळाचं काय माहीत. फोन ठेवल्यावर वहिनी विचारत राहिली की काय झालं, आणि मी पीठच मळत बसले.

घड्याळाचा राग कधीच निवला. ते यंत्र आहे, त्याने थांबलेला वेळ दाखवला आणि घोडे दाखवले नाहीत, त्याला घोडे कळतच नाहीत. तुला कळत होते. तू त्यांची झूल हातात धरली होतीस.

वहिनी तेव्हा म्हणाली, मामबेत-अतांना घेऊन जा अगायकडे. पण अता घोडे घेऊन नारिनला गेले होते, आणि ते परतेपर्यंत तुझं नाव लागलं होतं. आणि खरं सांगू, मला जायचंच नव्हतं. माझी साक्षीदार तू होतीस. तू असताना मी म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून नेऊ, की बघा हो, मी चोर नाही? मला तुझीच साक्ष हवी होती. तू जायच्या आदल्या दिवशी पाव घेऊन माझ्या आईला नमस्कार करायला आलीस. मी मागच्या खोलीत होते आणि तू मला हाक मारली नाहीस. त्या हाकेची मी दाराला कान लावून वाट पाहिली, हेही आज सांगून टाकते.

बाजारात अजून कोणीतरी म्हणतं, ती बघ, घड्याळ थांबवणारी. मुलं शाळेतून जाताना ‘टुर्र’ करतात. मी तिखट जास्त घालते त्यांच्या वाटीत. जागा तुला मिळाली याचं मला वाईट वाटलं, पण शनिवारी पळून तू जिंकली असतीस तर मी चार दिवस रडून गप्प बसले असते. कदाचित तूच जिंकली असतीस गं. तू मला तो शनिवार दिला नाहीस आणि वर नाव घालवलंस. मागितली असतीस तर ती जागा मी दिली नसती, हेही खरं, मी काही संत नाही. पण तोंडावर भांडले असते आणि नंतर आपण एकत्र जेवलो असतो.

आता हे पत्र का, ते लिहिते. रविवारी अगाय इथे आले होते, नव्या मुली बघायला. रेसकोर्सच्या कठड्यापाशी मामबेत-अता भेटले. बोलता बोलता अता म्हणाले की तुमच्या पोरींना वळण चांगलं, एक माझ्या घोड्यांसाठी शर्यत सोडून उभी राहिली आणि दुसरीने घसरलेली झूल उचलून दिली. अगाय तिथून थेट आमच्या गाड्यावर आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मला म्हणाले, ‘त्या दिवशी बुरुल तुझ्याजवळ होती का?’ पुढच्या महिन्यात तुझी मोठी स्पर्धा आहे आणि या एका उत्तरावर तुझं केंद्रातलं राहणं आहे, हे त्यांनी लपवलं नाही. दोन वर्षं मी ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो समोर उभा होता, आणि मी म्हणाले, ‘पुढच्या रविवारपर्यंत थांबा.’ ते येत्या रविवारी सकाळी दहाला फोन करतील आणि मी खरं तेच सांगेन, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. पण मला जसं दुसऱ्याच्या तोंडून कळलं तसं तुला कळू नये, एवढ्यासाठी हे लिहिलं. अगाय तुझ्यापासून दोन जिने वर राहतात. बुधवारी संध्याकाळी पत्र मिळेल. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, असे तीन दिवस तुझ्या हातात आहेत. जा आणि स्वतः सांग.

एके काळी तुझीच,
झीपार