डाव्या हातांचा तास

ता. ३ ऑगस्ट

चि. भिंगरी हिस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या आईकडून कळलं की तू आता नुसती शिक्षिका राहिली नाहीस, शिक्षकांची शिक्षिका झालीस. ऐकून मूठभर मांस चढलं. जिला शाळेत पाठवायला दोन माणसं लागायची, एक ओढायला नि एक ढकलायला, ती आता मोठमोठ्या शिक्षकांना बाकावर बसवणार! लगेच शेजारणीला सांगून आले. ती म्हणाली की म्हणजे पगार वाढला असेल. मी तिला म्हटलं की असल्या कामात वाढतो तो फक्त रक्तदाब.

आता मला नीट समजावून सांग. तुझी आई म्हणते की सरकारने नवी ‘मानकं’ काढली आहेत आणि ती शिक्षकांच्या गळी उतरवायचं काम तुझं. ही मानकं म्हणजे काय ग? मी सातवीतून शाळा सोडली. पुढचं सगळं रस्त्यावर आणि वाचनालयात शिकले, हे तुला ठाऊक आहे. इतकी वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवली. त्यामुळे शिकवणं म्हणजे काय हे थोडं कळतं, पण कचेरीची भाषा कळत नाही. तेव्हा कागदावरचे जड शब्द कागदावरच राहू देत, मला घरच्या भाषेत लिही.

आणि हो, फोन करू नकोस. फोनवर तू ‘बरी आहे’ म्हणून मोकळी होतेस. पत्रात माणूस दुसऱ्या पानावर गेलं की खरं बोलायला लागतं. म्हणून दोन पानं लिही.

माझे गुडघे कुरकुरतात, पण त्यांची तक्रार ऐकायला मला वेळ नाही.

माया आहेच, तुझीही असू दे.
तुझी आत्या


ता. १० ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घरच्या भाषेत सांगते. आतापर्यंत चौथीच्या मुलांनी काय शिकावं याच्या कागदावर लिहिलेलं असायचं की मुलाला दोन अपूर्णांकांतला मोठा ओळखता यावा. नव्या कागदावर एक तुकडा वाढलाय: मोठा ओळखून ‘तो मोठा का’ हे मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता यावं. दिसायला एवढासा फरक, पण त्या ‘का’ने सगळा तास उलटापालटा होतो. उत्तर घोकून घेता येतं, कारण घोकून घेता येत नाही. मुलाला बोलू द्यावं लागतं, चुकू द्यावं लागतं, आणि आपण गप्प बसावं लागतं. शिक्षकाला सगळ्यात अवघड हेच.

आसपासच्या शाळांमधून एकेक शिक्षक निवडून आमचा गट केलाय. मी त्यांना शिकवायचं, त्यांनी आपापल्या शाळेत इतरांना. वाईट हे की त्या यादीत मोठ्या बाई आहेत. माझ्या चौथीच्या बाई, तुमची मैत्रीण. त्या म्हणाल्या म्हणे की अशी मानकं त्यांनी येताना पाहिली आणि जातानाही पाहिली, सगळा पालथ्या घड्यावर पाणी ओतण्याचा खेळ आहे, त्या येणार नाहीत. आणि आत्या, त्या आल्या नाहीत तर बाकीचे देहाने येतील, मनाने नाही. सगळे त्यांच्याकडे बघून ठरवतात.

वरच्या कचेरीने सांगितलंय की पहिल्या दोन बैठकांत गट जमला नाही तर माझी नेमणूक रद्द. मग बाहेरून एक गृहस्थ येणार, भिंतीवर चित्रं दाखवणार, सगळे माना डोलावणार आणि घरी जाणार. मी परत माझ्या वर्गात. तसं झालं तर बरंच, असं लिहिणार होते. पण हे दुसरं पान आहे. बरं नाही वाटणार. बारा महिने आम्ही आपापल्या वर्गाचं दार लावून शिकवतो. शेजारच्या वर्गातली बाई कुठे अडते हे मला माहीत नाही, मी कुठे अडते हे तिला माहीत नाही. एकदा तरी आम्ही एकमेकांसमोर बसून खरं बोलावं असं फार वाटतं. ही संधी परत येणार नाही.

पहिल्या बैठकीत मी सगळ्यांसमोर खऱ्या मुलांचा तास घेऊन दाखवायचाय. कुठल्या शाळेतली मुलं घेऊ ते ठरत नाहीये.

गुडघ्यांची तक्रार ऐकावी. कळावे, कृपा असू द्यावी.
तुमची भिंगरी


ता. १४ ऑगस्ट

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आशीर्वाद.

थोडक्यात लिहिते, टपाल निघायची वेळ झाली. मुलं मोठीच्याच वर्गातली घे. तिला मान वाटेल. आपल्या हातची पोरं चारचौघांत चमकली की कुठल्या बाईचा राग टिकतो? बाकी काळजी करू नकोस. ती येईल असं मला आतून वाटतंय. आतून का वाटतंय ते विचारू नकोस.

तुझी आत्या


ता. १४ ऑगस्ट

प्रिय मोठी,
स. न. वि. वि.

बाईसाहेब, तुमचं हे काय ऐकतेय? माझ्या भाचीच्या बैठकीला जायचं नाही म्हणे! अग, तुला गाडी शिकवताना तू तीन कुंड्या, एक फाटक आणि माझा चष्मा मोडलास. तेव्हा मी म्हटलं का, की मी उद्यापासून येणार नाही? शिकणाऱ्यांच्या हातून वस्तू मोडतात, आणि शिकवायला शिकणाऱ्यांच्याही. ती पोर पहिल्यांदाच गाडी बाहेर काढतेय. तू नुसती मागच्या सीटवर जाऊन बस. ओरडायचंच असेल तर मला ओरड.

मी लिहिलंय हे तिला कळू देऊ नकोस. तिला फार स्वाभिमान आहे. तो तूच चौथीत शिकवलास.

जुना लोभ आहे, तो मोडू नकोस.
तुझी मास्तरीण


ता. ३० ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुम्ही बाईंना पत्र लिहिलंत हे मला का सांगितलं नाहीत? आता कळलं, तेही कशा प्रकारे, ते ऐका.

बैठक शाळेच्या वरच्या मजल्यावर होती. पुढे मुलांचे बाक, मागे शिक्षक. बाक लहान, शिक्षक मोठे. सगळ्यांचे गुडघे हनुवटीला. मोठ्या बाई आल्या आणि खिडकीशी बसल्या. मला इतका धीर आला की काय सांगू. तुमचं ऐकून मुलं त्यांच्याच वर्गातली आणली होती. मी फळ्यावर एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश लिहिले आणि विचारलं की मोठा कोणता, आणि का. सगळ्या वर्गाचे हात वर! एकही हात खाली नाही. मी भारावले. दुसऱ्या रांगेत एक वेणीवाली मुलगी हात अगदी ताठ उंचावून बसली होती, तिला उठवलं. ती उभी राहिली आणि गप्प. मी पुन्हा विचारलं. गप्प. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती रडकुंडीला येऊन म्हणाली की तिने तर डावा हात वर केला होता, मग तिलाच का उठवलं!

मागे बसलेले सगळे शिक्षक हसायला लागले. आत्या, तुम्हाला माहीत नसेल. पाहुणे आले की उत्तर येत असेल त्याने उजवा हात वर करायचा, येत नसेल त्याने डावा. पाहुण्यांना सगळा वर्ग हुशार दिसतो आणि बाईंना कुणाला उठवायचं ते कळतं. बहुतेक शाळांत हे चालतं, म्हणून तर सगळे हसले. पण मुलं मोठ्या बाईंची होती. त्या उठल्या, पर्स घेतली आणि गेल्या. जिन्याशी मी गाठलं तर म्हणाल्या की आत्याने आर्जवाचं पत्र लिहून बोलवायचं, भाचीने नेमकी त्यांचीच मुलं आणून, नेमका डावा हात बघून पोरीला उठवायचं, हा डाव त्यांना कळतो. मला बोलूही दिलं नाही.

मी खरंच मुद्दाम नाही केलं, इतके हात बघून डावा-उजवा बघायचं भानच राहिलं नाही. मीही त्याच वर्गात होते, पण माझा हात कायम उजवाच असायचा. डावे हात वर करणारी मुलं माझ्या आजूबाजूलाच बसायची, आणि मला ती आठवतसुद्धा नाहीत. याची लाज त्या हसण्यापेक्षा जास्त वाटते.

बाई गेल्यावर तास कसाबसा संपवला. कचेरीला नकाराचं पत्र लिहून ठेवलंय. दुसऱ्या बैठकीआधी टाकीन. तुमच्यावर रागावलेय, हेही लिहून ठेवते.

तरी नमस्कार.
तुमची भिंगरी


ता. ४ सप्टेंबर

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आशीर्वाद. राग पोचला, पावती देते.

चूक माझी. पत्र मी लिहिलं, मुलं मी सुचवली. दोन्हीकडून मदत करायला गेले आणि मधल्यामध्ये तू चेंगरलीस. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मोठीला आजच सगळं खरं लिहून टाकलंय: डाव कुणाचाच नव्हता, लुडबुड मात्र एका म्हातारीची होती. तुझं ३० तारखेचं पत्रही जसंच्या तसं पाठवलंय. तुला विचारलं नाही. ही झाली तिसरी लुडबुड, एकदमच रागाव.

पण एक विचारते. सगळे हसले म्हणतेस. का हसले? तुला बघून हसले असते तर मी तुला म्हटलं असतं, घरी ये, गरम काहीतरी करून घालते. मला तर वाटतं, पकडली गेलेली माणसं अशी हसतात. प्रत्येकाच्या वर्गात डावे हात आहेत आणि ते आजवर कुणी कुणाला बोललं नव्हतं. तुला एकमेकांसमोर बसून खरं बोलायचं होतं ना? खरं बोललं गेलं, फक्त ते आधी एक वेणीवाली बोलली. मग आता कुठे पळतेस?

दुसरी बैठक व्हायची आहे. नकार द्यायचाच तर ती घेऊन दे. पहिल्या चढावर गाडी बंद पडली म्हणून चावी काढून घरी जाणाऱ्या शिकाऊंना मी परत पैसे नाही द्यायची. 

मोठीचं काय होईल ते मला माहीत नाही. ती रागावली की दगड परवडला. पण खोटी नाही, एवढं सांगते.

रागासकट माया असू दे.
तुझी लुडबुडी आत्या


ता. ११ सप्टेंबर

प्रिय मास्तरीणबाई,
स. न. वि. वि.

चष्मा मी मोडला नव्हता, तू त्याच्यावर बसली होतीस. हा वाद आधी मिटवू.

तुझी दोन्ही पत्रं वाचली. तुझं एकदा, तिचं तीनदा. तिला आठवत नाही म्हणते ती मुलं मला आठवतात. किंवा असं मी समजत होते. खरं सांगायचं तर मला त्यांचे हात आठवतात, बोलणं आठवत नाही. कारण बोलायला कधी उठवलंच नाही. मला वाटायचं मी त्यांना वाचवते. चारचौघांत फजिती नको. मायेनेच करायचे ग.

त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी वेणीवाली शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती माझ्याकडे न बघता बसली. पोरीला वाटत होतं की तिने मला अडचणीत आणलं. चौथीतल्या पोरीने माझं ओझं वाहायचं! मग मी पर्स बाजूला ठेवली आणि वर्गाला सांगितलं की आज फक्त डावे हात बोलणार, उजव्यांनी तोंडावर बोट. पंधरा मिनिटं कुणी बोलेना. शेवटी तीच उठली आणि म्हणाली की चतुर्थांश मोठा, कारण चार हे तीनपेक्षा मोठे. चूक. माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं, गिळलं. तेवढ्यात तिच्या मागचा एक मुखदुर्बळ मुलगा म्हणाला की त्यांच्या घरी तिघं भावंडं होती तेव्हा पांघरुणाचा वाटा जास्त यायचा, चौथं आल्यापासून पाय उघडे पडतात. वेणीवाली विचारात पडली, आणि मग स्वतःच म्हणाली की म्हणजे वाटेकरी वाढले की वाटा कमी. मी काहीही शिकवलं नाही, मास्तरीण. मी फक्त खुर्चीत बसले होते. 

म्हणून त्या कागदावरच्या ‘का’वर माझा विश्वास बसला असं समजू नकोस. अजून अर्धाच बसलाय. बैठकीला मात्र जाईन. तुझ्या भाचीला सांगू नकोस. या वेळी खरंच सांगू नकोस.

तुझी
मोठी


ता. २५ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

राग गेला. कसा गेला ते सांगते.

दुसऱ्या बैठकीला निम्मेच येतील असं धरून खुर्च्या मांडल्या होत्या. मोठ्या बाई सगळ्यांच्या आधी येऊन बसलेल्या, खिडकीशी नाही, अगदी पुढच्या खुर्चीवर. मी सुरुवात करणार तोच त्या उठल्या आणि माझ्या हातातला खडू मागितला. मला वाटलं, संपलं.

त्यांनी सगळ्यांना आधी आपल्या वर्गातला डाव्या हातांचा तास सांगितला, पांघरुणासकट. मग फळ्यावर अपूर्णांकाला अपूर्णांकाने भागायचं एक उदाहरण लिहिलं आणि म्हणाल्या की दुसरा उलटा करून गुणायचं हे त्या नोकरीला लागल्यापासून वरच्या वर्गांना शिकवतायत. पण उलटा का करायचा हे त्यांना माहीत नाही, कधीच माहीत नव्हतं. आता मुलांनी ‘का’ विचारलं तर काय सांगू, असं त्यांनी सरळ विचारलं. 

आत्या, मला कारण माहीत होतं आणि जीभ शिवशिवत होती, पण दातांखाली धरली. थोड्या वेळाने मागच्या टोकाचे पोक्त गुरुजी म्हणाले की त्यांनाही माहीत नाही. मग एक नवीन लागलेली बाई म्हणाली की तिला वाटायचं फक्त तिलाच माहीत नाही, म्हणून तिने कधी कुणाला विचारलं नाही. आणि मग जे सुरू झालं! कुणी कागद घडी घालतंय, कुणी दोऱ्याचे तुकडे मोजतंय, दोन गुरुजी तावातावाने भांडतायत आणि मोठ्या बाई दोघांनाही चूक ठरवतायत. शिपाई चहा ठेवून गेला, तो तसाच गार झाला. कारण शेवटी त्यांचं त्यांनीच शोधलं. मी एकदाच विचारलं की एकात अर्धे किती बसतात, बाकी काही नाही. वेळ संपली तरी कुणी उठेना. पुढची बैठक कधी हे मला विचारायलाच लागलं नाही, त्यांनी आपसात तारीख ठरवली आणि मला सवड आहे का ते विचारलं.

कचेरीला लिहिलेलं नकाराचं पत्र फाडलं. साहेबांना कळवलंय की बाहेरच्या गृहस्थांची गरज नाही.

निघताना मोठ्या बाईंनी मला जिन्याशी थांबवलं. त्यांच्या निवृत्तीला एक वर्ष आहे. म्हणाल्या, एवढ्या वर्षांत त्यांच्या वर्गात मागे बसून त्यांचा तास कुणी पाहिला तो फक्त तपासायला, शिकवण्यात मदत म्हणून कुणी बसलंच नाही. सोमवारी मी यायचं, शेवटच्या बाकावर बसायचं. तास चालू असताना मध्ये तोंड उघडायचं नाही. संपल्यावर त्या कुठे घाई करतात, कुठे मुलाचं वाक्य स्वतःच पुरं करतात, ते सगळं सांगायचं. भीड धरून गोड गोड बोलले तर पुन्हा बोलावणार नाहीत, अशी तंबी आहे. आणि त्यापुढच्या आठवड्यात त्या माझ्या वर्गात येऊन बसणार आहेत. माझीही गय करणार नाहीत म्हणाल्या.

मी हो म्हटलं. चौथीत त्यांनी काही विचारलं की माझा उजवा हात आपोआप वर जायचा. पण आत्या, सोमवारी शेवटच्या बाकावरून मी डावे हात बघणार आहे!

तुमचा हात असाच पाठीवर असू द्यावा, लुडबुडीसकट.
तुमची
भिंगरी