तीनशे खुंटांचा उन्हाळा

५ जुलै

मिझहर गेला एकदाचा बसऱ्याला. पाठीचं ऑपरेशन, मग तीन महिने लेकीच्या घरी आडवं पडून राहायचं. गाडीत बसता बसता मला हुकूम — "फख्रिया, वांगी उपटून टाक. आता त्यांना काही धरत नाही. रान रिकामं ठेव, मी आलो की टोमॅटो लावू."

बरं म्हटलं. भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटा. पण वडील गेल्यापासून या मळ्यात हुकूम त्याचेच.

६ जुलै

उपटायला गेले. तीनशे झाडं. सकाळी फुलतात, दुपारी फुलं देठासकट खाली. वाळूवर नुसता जांभळा सडा. पण बुंध्याला हात घातला तर मूळ सोडेना! इतकं जितं झाड उपटायचं?

गेल्या उन्हाळ्यात शेळीनं न्हाणीमागचं एक झाड बुडख्यापर्यंत खाल्लं होतं. ते पुन्हा फुटलं. ऑक्टोबरात त्याला अकरा वांगी आली. मिझहरला सांगितलं तर म्हणाला, "मग शेळीलाच शेतकी खात्यात लावू या!"

नाही उपटणार. छाटणार.

८ जुलै

सबीहा — मिझहरची बायको — ओरडली, "अगं, नवऱ्यानं उपटायला सांगितलंय!"

"तुझ्या नवऱ्यानं," म्हटलं. "माझ्या नाही."

एक्कावन्न वर्षांची झाले, मला कुठला नवरा! दोघी इतक्या हसलो की कात्री हातातून पडली.

कमरेएवढी झाडं गुडघ्याखाली आणली. प्रत्येक फांदीवर कोंब फुटायचे तीन डोळे ठेवायचे, वरचा काप तिरका. उन्हानं साल फाटू नये म्हणून खुंटांना चुना. बुडाशी गव्हाचं काड. वर हिरवी जाळी. हाताला फोड आलेत, पण ओळी बघून बरं वाटलं.

९ जुलै

शेजारच्या मळ्यातले हाजी मुतशर कुंपणाशी आले. बराच वेळ बघत उभे. "धाहिरच्या लेकी, यंदा केरसुण्या पेरल्यास की काय?"

हसू देत.

१५ जुलै

एक्कावन्न अंश. काही नाही.

१९ जुलै

तीन दिवस उत्तरेचा वारा. घरात, दातांत, चहात वाळू. जाळी दोन ठिकाणी फाटली. सबीहा कुरकुरत आली, "मिझहरला कळलं तर मी तुला ओळखत नाही," म्हणाली, आणि ताडपत्रीच्या सुईनं माझ्याआधी शिवायला बसली.

विहिरीचं पाणी खारट. काडाखाली मिठाचा पांढरा थर धरतो. म्हणून आठवड्यातून एकदा पंप जास्त वेळ चालवते, मीठ मुळांच्या खाली जातं. हे मला कुणी शिकवलं नाही. जिभेवर माती ठेवून ठेवून शिकले.

२३ जुलै

फुटलं! सातव्या ओळीत. मिरीएवढा हिरवा ठिपका.

२७ जुलै

तीनशेपैकी दोनशे एकाहत्तर. दोनदा मोजली.

११ ऑगस्ट

बावन्न अंश, आणि पानांमागे लाल कोळी. पानं पिवळी, जाळ्यांनी भरलेली. खाली वाकून एकेक पान उलटं करून पाण्यानं धुतलं. चार दिवस हेच. मिझहरचा फोन आला — "रान रिकामं झालं?" म्हटलं, "तू पाठ सांभाळ."

खोटं बोलले नाही. उत्तर दिलं नाही, एवढंच.

३० ऑगस्ट

फुलं आली. दुपारी गळली.

सबीहानं सडा झाडून काढला.

१७ सप्टेंबर

धरलं! पाकळ्या सुकल्या तरी देठ घट्ट. आत अंगठ्याच्या नखाएवढं काळं, चकचकीत. एका ओळीत चाळीस. रात्री थोडी गार हवा फिरली म्हणून. झाडं तेवढीच वाट बघत होती आणि मी त्यांना तिथवर आणलं. मीच!

४ ऑक्टोबर

पहिली तोडणी. सगळ्या झुबैरच्या बाजारात कुणाकडे वांगं नाही, आमच्याकडे अकरा पेट्या! हाजी मुतशरनी एक वांगं उचललं, अंगठ्यानं दाबलं, वास घेतला. "केरसुणी छान फळली हो," म्हणाले, आणि डोक्यावरचा रुमाल नीट केला, जसा मोठ्या माणसासमोर करतात.

दुपारी आम्ही दोघींनी काप तळले, गरम खुबूस रोटी, वर आंब्याचं लोणचं. सबीहानं बोटं चाटली. मी ताटाकडे बघतच राहिले.

९ ऑक्टोबर

मिझहर परतला. काठी टेकत सगळ्या ओळी फिरला. एकच प्रश्न — "जाळी कुठून आणलीस?"

संध्याकाळी बैठकीत माणसं जमली. मी चहा घेऊन पडद्याशी पोचले तर त्याचा आवाज — "यंदा म्हटलं, उपटण्यापेक्षा छाटून बघू."

म्हटलं!

हाजी मुतशरनी विचारलं, "डोळे किती ठेवलेस?"

"डोळे... असतील चार-पाच."

पडदा सारून आत गेले. आयुष्यात पहिल्यांदा, पुरुषांच्या बैठकीत. "तीन," म्हटलं. "आणि कात्री माझी होती."

हाजींनी शेजारची उशी मोकळी केली. म्हणाले, "बस इथे, पोरी. मीठ कसं हटवलंस ते सांग." मी बसले. सांगितलं. माणसं पुढे सरकून ऐकत होती.

१० ऑक्टोबर

सकाळी मिझहरला गाठलं.

"बाबांच्या रानातला माझा वाटा दे. भावाला दोन वाटे, बहिणीला एक — देवानं कुराणात लिहिलंय तेवढंच."

"तुला मी काय कमी केलं?"

"काही नाही. पण जे मी केलं ते तुझं झालं."

तो काठीनं जमीन उकरत राहिला. आतून सबीहाचा आवाज आला — "द्या तिचं तिला! पाठीवर तुम्ही होतात, गुडघ्यांवर ती होती."

२९ ऑक्टोबर

कागदावर शिक्का बसला. पूर्वेकडचा तिसरा हिस्सा, विहिरीच्या पाण्यासह — फख्रिया बिन्त धाहिर, धाहिरची लेक.

माझ्या पश्चिमेला आता एक शेजारी आहे. मिझहर नावाचा. संध्याकाळी कुंपण नसलेल्या बांधाशी उभा राहिला आणि विचारलं, "येऊ का आत?"