मागच्या चाकाची पिन

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंद्याने फिटर आणि आता निवृत्त, हे माझे अखेरचे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, आणि तसे डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. उलट बायको दोन दिवस म्हणते आहे की असले अभद्र कागद लिहू नका, आणि वकील म्हणाले की तुमचे सहावे कलम मृत्युपत्रात शोभत नाही, ते वेगळे लिहा. वेगळे कागद हरवतात. म्हणून सगळे इथेच.

कलम १. चार वर्षांपूर्वी केलेले माझे इच्छापत्र मी रद्द करीत आहे. त्यात एक कलम असे होते: "माझ्या धाकट्या भावास माझ्या प्रेतावर फूल वाहू देऊ नये." ते लिहिताना माझा हात जराही कापला नव्हता, हे नमूद करतो. त्या कलमाची मला लाज वाटते.

कलम २. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची पडवी, तसेच बँकेत जे असेल ते, पत्नीस. तिच्यामागे आमच्या मुलीस. घरातले नळ मी बसवलेले आहेत आणि तीस वर्षांत एकही ठिबकलेला नाही. हे वाक्य मी काल मोठ्या तोऱ्यात लिहिले होते. आज वाचून खोडणार होतो, पण खरे आहे म्हणून राहू देतो.

कलम ३. हत्यारे. पाने, हातोड्या, कानशी आणि काम आवळून धरायचे दोन्ही शेगडे जावयाला द्यावेत. त्याला त्यातले काही कळत नाही, पण तो वस्तू जागेवर ठेवतो, आणि निम्मे काम तेच असते. माझा मोठा पाइप पाना शेजारच्या वायरमनकडे अकरा वर्षे आहे. "उद्या आणून देतो" म्हणून नेला होता. तो पाना मी त्यालाच देत आहे. त्याने आता मला पाहून रस्ता बदलण्याचे कारण नाही.

कलम ४. माझा कामाचा निळा कोट कोणालाही देऊ नये आणि धुऊ नये. त्याचे कारण सांगायचे तर माझ्या उस्तादांपासून सुरुवात करावी लागेल. त्यांचा एक नियम होता. नट घट्ट केल्यावर तो सैल होऊ नये म्हणून त्याच्या बोल्टमधून आरपार एक पिन घालतात आणि तिची टोके वाकवतात. तिला आम्ही कॉटर पिन म्हणतो. जुनी पिन पुन्हा वापरायची नाही. कामाला हात घालण्याआधी नवी पिन डबीतून काढून छातीच्या खिशात ठेवायची. खिसा रिकामा झाला की काम झाले. खिशात पिन असेल तर गाडी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही, मग गिऱ्हाईक राजा का असेना. एकदा माझ्या खिशात पिन सापडली तेव्हा त्यांनी अशी कानफटात दिली की दोन दिवस ऐकू येत नव्हते. हा नियम मी पुढे धाकट्या भावाला शिकवला. कानफटात न देता.

कलम ५. मोटारसायकल. ही पडवीत उभी आहे. ती माझी नाही, धाकट्याची आहे, त्यामुळे मी ती कोणाला देऊ शकत नाही, फक्त परत करू शकतो. एकोणीस वर्षे तिचे तोंड भिंतीकडे करून, वर ताडपत्री टाकून मी ती ठेवली होती. मुलगी म्हणायची, "बाबा, ते धूड भंगारात द्या ना." मी म्हणायचो, "राहू दे. तो पुरावा आहे."

पुरावा कशाचा, ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, तरी बाहेरच्यांसाठी लिहितो. एकोणीस वर्षांपूर्वी धाकटा आईला मागे बसवून मावशीकडे निघाला होता. सपाट, कोरड्या, सरळ रस्त्यावर गाडी पडली. आई जागच्या जागी गेली. धाकट्याचा पाय मोडला. तो दवाखान्यात पडल्या पडल्या एकच सांगत होता, "दादा, ब्रेकवर पाय ठेवला आणि चाक एकदम जाम झालं. मी काहीच केलं नाही." चौकशीला आलेल्या साहेबांनी मला विचारले, "गाडीत दोष होता का?" मी म्हणालो, "आदल्या दिवशी मागचं चाक मी स्वतः उघडून ब्रेक बदललेत. सकाळी पुन्हा तपासलं. दोष असेल तर चालवणाऱ्यात." त्या माझ्या वाक्यावर धाकटा बसचा ड्रायव्हर होता तो राहिला नाही. परवाना गेला, नोकरी गेली, आता तो एका गोदामाच्या दारावर बसतो. मी त्याला तोंडावर सांगितले होते, "तू वेग केलास, तू आईला मारलंस." त्यानंतर आम्ही बोललो नाही. तो दोन गल्ल्या पलीकडे राहतो.

या वर्षी डॉक्टरांनी हृदयाचे सांगितले तेव्हा मनात आले की आपल्यामागे बायकोच्या गळ्यात हे घोंगडे नको. गाडी चालू करून विकून टाकावी. शिवाय फिटरच्या घरात बंद गाडी म्हणजे दिव्याखाली अंधार, हेही खरे.

पहिल्या दिवशी ट्रंकेतून निळा कोट काढला. आई गेल्यापासून तो मी घातला नव्हता, कामाला दुसरा वापरला. खिशात हात घातला तर एक कोरी कॉटर पिन. मी हसलो. म्हटले, उस्ताद असते तर दुसरा कानही गेला असता. पिन एका झाकणात ठेवली आणि कामाला लागलो. कुठल्या कामाची पिन, हा प्रश्नसुद्धा मला पडला नाही, कारण मी चुकत नाही हे मला माहीत होते.

दोन महिने मी सुखात होतो, हे कबूल करतो. टाकीत मूठभर नट आणि व्हिनेगर घालून ती रोज हलवली, तेव्हा चहासारखे पाणी निघाले आणि आठव्या दिवशी आतला पत्रा दिसला. कार्ब्युरेटर जुन्या बाजारातल्या बहिऱ्या भंगारवाल्याकडे मिळाला. त्याने आधी मला दुसऱ्याच गाडीचा घासूनपुसून दिला आणि वर "हाच तो, डोळे मिटून घ्या" म्हणाला. डोळे मिटून घेणाऱ्यांवरच त्याचे दुकान चालते. मी तो परत नेऊन त्याच्या पोत्यात स्वतः हात घातला, तिसऱ्या पोत्यात खरा सापडला. त्याला मी माफ करीत नाही, पण त्याच्या पोत्यांची जाहिरात करतो. मीटरची काच चष्मेवाल्याने कापून दिली. सीट शिवायला माझ्या मित्राला, समोरच्या शिंप्याला दिली. त्याने विचारले, "एकट्याची शिवू की दोघांची?" मी म्हणालो, "एकट्याची." त्याने माप घेतले.

मागचे चाक मी शेवटी ठेवले. ते फिरतच नव्हते. गंजले असेल म्हणालो.

कलम ६. हे कलम वकिलांना नको होते. मागच्या ब्रेकची गोल प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून ती एका लोखंडी पट्टीने गाडीच्या सांगाड्याला बांधलेली असते. पट्टी एका बोल्टवर, बोल्टवर नट, नटाला कॉटर पिन. नट सुटला तर ब्रेक दाबताच प्लेट चाकासोबत गरकन फिरते आणि चाक जागेवर आवळले जाते. मी चाक उघडले तेव्हा ब्रेकचा दांडा वाकून चाकाच्या आसाभोवती गुंडाळलेला होता. पट्टी लोंबत होती. पट्टी तुटलेली असती तर मी म्हणालो असतो, पडताना तुटली. पट्टी सरळ होती. बोल्टचे आटे शाबूत होते, म्हणजे नट ओरबाडून निघालेला नव्हता, हळूहळू फिरत सुटला होता. पिनचे भोक मी सुईने साफ केले. आत पिनचा तुकडा नव्हता. तिथे पिन कधी घातलीच नव्हती.

मी पडवीत जमिनीवर बसलो. बायको आली, म्हणाली, "छातीत दुखतंय का?" मी म्हणालो, "ते झाकण आण." पिन भोकात घालून पाहिली. बरोबर बसली.

मग मला ती सकाळ आठवली. तपासताना मी शेवटचा, त्या पट्टीचा नट पुन्हा आवळत होतो आणि आई आतून म्हणाली, "अरे, आधी चहा घे, गार होतोय." मी कोट खुंटीला अडकवून आत गेलो. चहा पिऊन बाहेर आलो तर धाकट्याने गाडी चालू केलेली आणि आई पदर सावरत मागे बसलेली. मी हात हलवला. खिसा तपासला नाही. आईला मी दोष देत नाही, चहालाही नाही. दोष माझा आहे, एकट्याचा आहे, आणि मी तो एकोणीस वर्षे माझ्या भावाच्या अंगावर घातला. त्याने वेग केला नव्हता. त्याने आईला मारले नाही. हे मी शुद्धीवर असताना लिहीत आहे, आणि ज्या कोणाला मी याउलट सांगितले त्या प्रत्येकाला हे कलम वाचून दाखवावे.

कलम ७. गाडी आता चालू आहे, दुसऱ्या किकला सुरू होते. मागच्या चाकाला नवा नट लावला आहे, पिन लावलेली नाही. ती पिन या कागदाला दोऱ्याने बांधली आहे. माझ्यामागे ती धाकट्याला द्यावी आणि त्याने स्वतःच्या हाताने लावावी. तोपर्यंत गाडी कोणीही पडवीबाहेर काढू नये.

स्थळ: माझ्या घराची पडवी, कामाचे टेबल. तारीख नऊ, गुरुवार.
सही: निवृत्त फिटर.
साक्षीदार पहिले: डॉक्टर. सही केली.
साक्षीदार दुसरे: समोरचा शिंपी. सही केलेली नाही.

पुरवणी, तारीख बारा, रविवार. शिंप्याने गुरुवारी सगळे वाचले, चष्मा काढला आणि पेन खाली ठेवले. म्हणाला, "सही करायला हात मोडला नाही माझा. पण हा कागद तू मेल्यावर त्याच्या हातात पडणार. मग त्याने भांडायचं कोणाशी? तुझ्या फोटोशी? आधी जाऊन ये, मग सही मागायला ये." मी त्याला नको ते बोललो. तीन दिवस जेवण गेले नाही. आज दुपारी गेलो.

धाकट्याने दार उघडले. त्याचे केस पांढरे झाले आहेत, हे मला लांबून कधी दिसले नव्हते. बस म्हणाला नाही. मला तोंडाने सांगता येईना, म्हणून मी उंबऱ्यातच उभा राहून सहावे कलम वाचून दाखवले. तो भिंतीला धरून ऐकत होता.

"म्हणजे चाक जाम झालं होतं."

"हो."

"मी तेव्हाच सांगितलं होतं, दादा."

"हो."

मग म्हणाला, "दोन-तीन वर्षं सांगत राहिलो. मग मलाच वाटायला लागलं की केला असेल आपणच वेग. तू फिटर. तू कशाला खोटं बोलशील? रोज तो रस्ता आठवून बघायचो, कुठे वेग वाढवला ते शोधायचो. सापडायचं नाही, तरी मानलं."

मी त्याच्या पाया पडायला वाकलो. तो मागे सरकला. मग हात पुढे केला, पिनेसाठी. मी दोरा सोडून ती त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती उजेडाकडे धरून पाहिली, शर्टाच्या छातीच्या खिशात टाकली आणि म्हणाला, "जा आता." दार लावले.

म्हणून कलम सातमध्ये दुरुस्ती: पिन आता या कागदाला बांधलेली नाही. ती धाकट्याच्या खिशात आहे, आणि उस्तादांचा नियम त्याला ठाऊक आहे.

सही: निवृत्त फिटर.
साक्षीदार पहिले: डॉक्टर. पुन्हा सही केली.
साक्षीदार दुसरे: समोरचा शिंपी. आज, माझ्या समक्ष, सही केली. सीट उसवून दोघांची करायला घेऊन गेला.