तिजोरीची किल्ली

इंचॉन, ऑगस्ट २००१

बोंगसुन ताई,

देशानं संकटात घेतलेलं परदेशी कर्ज फेडलं, म्हणून आज आमच्या बँकेच्या शाखेत तांदळाचे केक वाटले. साहेब म्हणाले, "चला, सुटलो एकदाचे." मी माझा केक शिपायाला देऊन टाकला.

तीन वर्षांपूर्वी सरकारनं आपली जुनी बँक बंद करून दुसऱ्या बँकेच्या ताब्यात दिली, तेव्हा तुम्ही तिजोरीची किल्ली माझ्या हातात ठेवलीत. "कुणालाही देऊ नकोस गं. ही आपल्याकडे आहे तोवरच नव्या बँकेचे लोक आपल्या नोकऱ्यांबद्दल बोलतील." दोन दिवस मी ती मोज्यात लपवली. तिसऱ्या दिवशी नव्या बँकेच्या माणसाला दिली. तुम्हा सगळ्यांची नोकरी गेली, माझी टिकली.

किल्ली का दिली, तर मी तुम्हाला सांगितलं, एक म्हातारी नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी खात्यातले पैसे मागत बंद शाखेच्या दारात रडत होती, मला बघवेना. तुम्ही पाठीवर हात ठेवलात. "बरं केलंस," म्हणालात.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते. म्हातारी आली होती, पण शाखा उघडल्यावर. किल्ली मी दिली ती त्या माणसानं "तुला कामावर ठेवून घेऊ" म्हटल्यावर.

काल मासळीबाजारात तुम्ही टोपली घेऊन बसला होतात. मला हाक मारलीत. मी ऐकूनही पुढे गेले.

तुमची,
मीओक