पाच छेद चौदाच बरोबर

जऊळका,
ता. ६ फेब्रुवारी १९७७

आदरणीय माणिकदादा यांस धाकट्या वच्छलाचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही सारे मजेत. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींना आठवण सांगा. मी मॅट्रिकला गणितात दोनदा आपटले हे अकोल्याच्या हापिसात कोणाला सांगितलं नसेल, तर आता बेधडक सांगा. तुमच्या बहिणीनं छापील गाइडाची चूक काढली आहे.

झालं असं, की सासूबाईंनी (भागिरथाबाई आमच्या, आवाज तुम्हाला ठाऊक आहेच) यंदा ठणकावलं होतं, "या खेपेले पास झाली तं झाली, नाही तं पुस्तकं चुलीत." म्हणून दिवसा कापूस वेचायचा, संध्याकाळी गणितं. आलेख समजेना म्हणून अंगणात राखेनं दोन अक्ष ओढले, तर शेळी आरंभबिंदूवर बसली ती उठेना, आणि तुमचे जावई (बिचारे) रेघ ओलांडावी की नाही म्हणून दारातच उभे. बीजगणिताची भीती नाही. क्ष सापडेपर्यंत मी त्याला सोडत नाही. पण ती संभाव्यता! पिशवीत पाच लाल, तीन पांढरे चेंडू. एक काढला, तो परत न टाकता दुसरा काढला. दोन्ही लाल निघण्याची संभाव्यता किती? गाइडात उत्तर पंचवीस छेद चौसष्ट. माझं येई पाच छेद चौदा. चारदा केलं, चारदा तेच. रडकुंडीला आले. (दोनदा नापास झालेल्या माणसाचा स्वतःपेक्षा गाइडावर भरवसा जास्त.)

घरात चेंडू कुठले? थैलीत पाच लाल आणि तीन हिरवी बोरं टाकली नि सासूबाईंना म्हटलं, न पाहता एक काढा. त्यांनी लाल काढलं आणि खाऊन टाकलं!

"आत्याबाई, गणित खाल्लं तुम्ही!"

"कायचं गणित वं? पाच होते, एक खाल्लं, चार राह्यले. आठाचे सात झाले. तुह्या पुस्तकवाल्यानं खाल्लेलं बोर पुन्हा थैलीत टाकलं काय?"

दादा, मी लगेच ताडून पाहिलं: पाच छेद आठ गुणिले पाच छेद आठ, पंचवीस छेद चौसष्ट. गाइडवाल्यानं खरंच पहिला चेंडू परत टाकला होता!

दुसऱ्या दिवशी वाशीमला शिकवणीत सांगितलं. सर म्हणाले, छापलेलं चुकत नसतं. पोरं हसली. मी पदर खोचून उठले आणि थैली सरांपुढे धरली. त्यांनी एक बोर काढलं. म्हटलं, खा सर. त्यांनी खाल्लं. मग विचारलं, "आता आत किती?" सरांनी हातातली बी टेबलावर ठेवली. मग लाल शाईनं स्वतःच्या गाइडातलं उत्तर खोडलं आणि म्हणाले, "वच्छलाबाईचं उतरवून घ्या रे." साऱ्या वर्गाच्या वह्या उघडल्या. येताना गाडीत शेजारच्या बाईनं मला विचारलं, मान आखडली काय? मी म्हटलं, आखडली नाही, ताठ झाली.

तुमची,
वच्छला

ता. क. : परीक्षा मार्चात, वाशीमलाच. सासूबाई आता रोज माझ्यासोबत येऊन फाटकाशी बसणार म्हणतात. म्हणजे सहा दिवस घरी दोन लेकरं आणि तुमचे जावई, आणि तिघांनाही चूल पेटवता येत नाही. वहिनींना घेऊन रजेवर या. पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच.

आणखी एक : सराव परीक्षेत गणिताला अडतीस मार्क पडले. सासूबाईंनी शिरा करून गल्लीभर वाटला. ते शंभरापैकी असतात, हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.