शंकावहीची पोच

मुलुंड (पूर्व),
सोमवार, ता. १३ जानेवारी २०२५

चि. दादू यास,
अ. आ. आणि सप्रेम जय भीम.

हे पत्र लिहिण्याची वेळ तू आणलीस. काल फोनवर मी सांगितलं की नवी नोकरी सोडावीशी वाटते, तर तू हो हो म्हणालास. मग म्हटलं, सोडणंही पटत नाही. त्यालाही हो हो. शेवटी मुद्दाम म्हटलं की माझ्या स्वयंपाकघराला आग लागली आहे, तर तू म्हणालास, झकास, तब्येतीला जप. तुला ऐकू येत नाही हे तू मान्य करणार नाहीस. व्हॉट्सॲपवर लिहावं तर तुझा फोन घरभर फिरतो. विकी वाचतो, सूनबाई श्वेता वाचते, आणि मला तुमच्या अख्ख्या वाकोल्यातून सल्ले येतात. म्हणून पोस्ट.

नोकरी काय आहे ते तुला अर्धवट माहीत आहे, म्हणून सगळं मांडते. इथल्या एका बिल्डरच्या कंपनीने दिवाळीनंतर मला घेतलं. जुन्या सोसायट्यांमध्ये जायचं, रिडेव्हलपमेंट म्हणजे काय ते बायामाणसांना मराठीत समजावायचं आणि त्यांनी संमतीपत्रावर सही करावी अशी मनाची तयारी करून घ्यायची. मला का घेतलं ते उघड आहे. या भागात महापालिकेच्या शाळेत मी एकतीस वर्षं काढली. निम्म्या दारांतून माझेच विद्यार्थी बाहेर येतात आणि पोटं सुटलेली माणसं हात मागे बांधून उभी राहतात.

पगार माझ्या मुख्याध्यापिकेच्या पगाराहून जास्त आहे. न्यायला गाडी येते. हर्षद म्हणून माझा साहेब आहे, माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान. रोज सकाळी वाकून नमस्कार करतो. कोणी उद्धट बोलत नाही. इमारती खरोखर गळतात, जिने खरोखर खचले आहेत आणि कंपनीने याआधीच्या दोन इमारती वेळेत बांधून दिल्या आहेत. मी स्वतः जाऊन पाहिल्या. म्हणजे दोष कुठे दाखवू? तरीही संध्याकाळी गाडीतून उतरले की घरी जायच्या आधी मी खालच्या बाकावर अर्धा तास नुसती बसते. शाळेत असताना मी असं कधी केलं नाही. तिथे तर दमायला कारणं होती.

मागच्या आठवड्यात, संक्रांतीची वाटही न बघता, त्यांनी मला सोसायटीत हळदीकुंकू करायला सांगितलं, वाण म्हणून कंपनीचं नाव कोरलेले स्टीलचे डबे. मी हर्षदला सांगितलं की आम्ही बौद्ध, आमच्यात हे नाही. तो म्हणाला, चालेल बाई, तुम्ही फक्त डबे वाटा. वाटले. बायका खूश झाल्या. मला मात्र आपल्या घरात कोणीतरी भलतंच येऊन बसल्यासारखं वाटलं, आणि ते घरही माझं नव्हतं.

आयुष्यभर मी लोकांना काय करावं ते सांगत आले. तुझं लग्नसुद्धा मी ठरवलं. आता स्वतःचं ठरत नाही. तू मोकळेपणाने लिही. लोभ होता तेवढा असू दे, जास्तीची मागणी नाही.

तुझी,
सुगंधाअक्का

वाकोला,
ता. १९ जानेवारी २०२५

ती. अक्का हिस,
सा. न. आणि जय भीम वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा घरात खळबळ माजली. श्वेताला वाटलं कोर्टाची नोटीस. पाकिटावरचं अक्षर पाहून मीच तिला सांगितलं की नोटीस नाही, पण जवळपास तसंच.

अक्का, तुझं डोकं फिरलंय का गं? गाडी येते, साहेब पाया पडतो, वर पगार. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर मी अख्खी नोकरी काढली, माझ्या पाया कोणी पडलं नाही. एकजण पडला होता, पण तो फरशी ओली होती म्हणून. विकी म्हणतो, आत्याला सांगा, पगार चांगला असेल तर मूड सांभाळायचा असतो, आजकाल सगळ्यांचं असंच आहे यार. तो स्वतः अंधेरीच्या ऑफिसातून आला की भिंतीकडे तोंड करून जेवतो, तेव्हा त्याचा सल्ला किती घ्यायचा ते तू बघ.

माझ्या कानांसाठी म्हणून तू नोकरीत अडकली असशील तर अडकू नकोस. तू मशीन घेऊन देणार म्हणालीस त्याला दोन महिने झाले, मी तपासणीला गेलो नाही, कारण इथे संध्याकाळी सातपासून मालिका सुरू होतात आणि मला सध्या फार शांतता आहे.

पण एक विचारतो. तू बाकावर अर्धा तास बसतेस, तेव्हा काय आठवत असतं? तुझ्या पत्रात इमारती आहेत, डबे आहेत, साहेब आहे. माणूस एकही नाही. तुझ्या शाळेच्या पत्रांत पोरांची नावं असायची. कोणाचं तरी नाव तू गिळलंयस. ते लिही.

लोभ वाढव, रागावणं कमी कर.

तुझा,
दादू

मुलुंड (पूर्व),
ता. २७ जानेवारी २०२५

चि. दादू यास,
अ. आ. आणि जय भीम.

तुझं पत्र वाचून मी चिडले. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. मग लक्षात आलं की चिडण्याचं कारण तू बरोबर विचारलंस हे आहे.

नाव शांताबाई. सुखदा सोसायटी, तळमजला. मूळची मालवणकडची, नवरा गिरणीत होता. आता त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. घरातून खुर्ची ढकलली की थेट रिक्षा, मध्ये एक पायरी. इमारत पाडली की नवी होईपर्यंत सगळ्यांनी भाड्याने राहायचं, भाडं कंपनी देणार. शांताबाईचा प्रश्न एकच होता, की भाड्याची जागा तळमजल्यावर मिळेल का. वरचा मजला मिळाला आणि लिफ्ट बंद पडली तर ह्यांना पाठीवर घेऊ काय, असं तिने मला विचारलं.

आता माझी खोड तुला माहीत आहे. शाळेत पालकसभेला मी एक वही ठेवायचे. ज्याची जी तक्रार असेल ती तारखेसह लिहायची, खाली त्याची सही, आणि पुढच्या सभेला समोर उत्तर. इथेही मी पहिल्याच दिवशी दोनशे पानी वही घेतली, वर शंकावही असं लिहिलं आणि प्रत्येकाची शंका त्यात उतरवली. शांताबाईचीही. ऑफिसात कोणी मला वही ठेव म्हणून सांगितलं नव्हतं. हर्षदला आधी गंमत वाटली, मग तो खूश झाला, कारण सह्या भराभर यायला लागल्या. सगळ्या टीममध्ये माझं नाव पहिलं. मला वाटलं मी समजावते चांगलं.

मागच्या शुक्रवारी शांताबाईकडे गेले तर तिने सामानाची बांधाबांध सुरू केली होती. सही तिने कधीच दिली होती. मी विचारलं, एवढी घाई कसली, जागा बघितली का? ती म्हणाली, बाई, तुम्ही वहीत लिहिलंत ना. दादू, तिला वाटलं मी लिहिलं म्हणजे झालं. मी तिचा प्रश्न लिहिला होता. तिने तो कंपनीचा शब्द समजला. तिथून उठून मी आणखी चार घरांत विचारलं. चारही घरांत तेच. संमतीपत्रात काय आहे ते कोणी वाचलेलं नाही, बाईंच्या वहीत आहे म्हणून सह्या केल्या.

त्यांची चूक म्हणू तर तीस वर्षं मीच त्यांना हे शिकवलं. माझी म्हणू तर मी खोटं एक अक्षर बोलले नाही. कंपनीची म्हणू तर कंपनीने काही कबूलच केलेलं नाही. आणि मी नोकरी सोडली तर माझ्या जागी दुसरी कोणी येईल, ती वहीसुद्धा ठेवणार नाही. राहिले तर निदान मी विचारत राहीन. पण मी विचारत राहते म्हणूनच सह्या येतात. हे कोडं मी रोज बाकावर बसून सोडवते आणि रोज चुकते.

श्वेताला आशीर्वाद. लोभ ठेवायचा का, ते हे वाचून ठरव.

तुझी,
अक्का

वाकोला,
ता. २ फेब्रुवारी २०२५

ती. अक्का,
सा. न. वि. वि.

लोभ ठेवला आहे. उगाच नाटक करू नकोस.

तू चूक का बरोबर ते मला कळत नाही. खरंच नाही. दोनदा लिहायला बसलो, एकदा राहा लिहिलं, एकदा सोड लिहिलं, दोन्ही कागद फाडले. श्वेता म्हणाली, बाबा कोणाला एवढी पत्रं लिहितायत, चौकशी करायला हवी.

मला फक्त माझ्या टेबलाचं कळतं, तेवढं सांगतो. लोक अर्ज घेऊन यायचे. मी शिक्का मारून, नंबर टाकून पोच द्यायचो. पोच हातात आली की माणूस तिथेच निम्मा बरा व्हायचा. त्यांचं काम व्हायचंच असं नाही, हे मला ठाऊक असायचं आणि मी बोलायचो नाही. तेव्हा शांताबाईला जे झालं ते माझ्या टेबलासमोर रोज झालं आहे, तू एकटीनेच आभाळ फाडलंस असं समजू नकोस.

पण एक फरक आहे. माझ्या शिक्क्याखाली ऑफिसचं नाव होतं. सहा महिन्यांनी तो नंबर घेऊन माणूस साहेबाच्या टेबलावर हात आपटू शकायचा. तुझ्या वहीखाली फक्त तू आहेस. ती वही अजून कोणाकडे आवकच झालेली नाही.

तेव्हा असं कर. वही रीतसर आत दे. वर एक अर्ज, सोबत शंका इतक्या, कृपया लेखी उत्तर द्यावे. आणि पोच माग. त्यांनी पोच दिली तर राहा आणि रोज जाऊन त्यांचं डोकं खा, ते तुला जमतं. पोच दिली नाही तर त्या ऑफिसात तुझं काय काम आहे ते त्यांनीच सांगितलं असं समज.

तोंडी होकाराला भुलू नकोस. मी हल्ली सगळ्यांना तोंडी हो म्हणतो, त्याची किंमत तुला माहीत आहे.

तुझा,
दादू

मुलुंड (पूर्व),
ता. १० फेब्रुवारी २०२५

चि. दादू यास,
अ. आ. आणि जय भीम.

तू सांगितलंस तसं केलं. गुरुवारी अर्ज लिहिला, दोन प्रती. शंका एकूण त्रेचाळीस निघाल्या. हर्षदने अर्ज वाचला, वही चाळली आणि अगदी मनापासून म्हणाला की बाई, काय सुंदर अक्षर आहे. मी दुसरी प्रत पुढे केली आणि पोच मागितली. त्याने मोबाइल काढून वहीचे फोटो घेतले. मी म्हटलं, फोटो नको, सही आणि शिक्का. तो कंपनीच्या वकिलांच्या केबिनमध्ये गेला. वीस मिनिटांनी आला तो वही परत घेऊन. म्हणाला, ही वही कंपनीची नाही, तुमची वैयक्तिक आहे, त्यामुळे रेकॉर्डवर घेता येत नाही; पण तुम्ही लिहीत राहा, लोकांना बरं वाटतं.

शेवटचं वाक्य तो वाईट हेतूने बोलला नाही, हे मुद्दाम लिहिते. त्याने माझ्यासाठी चहाही मागवला. मी चहा प्यायले आणि राजीनामा लिहिला.

तुला वाटेल आता अक्का मोकळी झाली. नाही झाले. संध्याकाळी शांताबाईकडे गेले, तिला समोर बसवून सांगितलं की वहीत लिहिलं म्हणजे काही मिळालेलं नाही, आणि मी नोकरी सोडली. मला वाटलं ती रडेल किंवा माझे आभार मानेल. ती माझ्यावर भडकली. म्हणाली, बरं केलंत बाई, आता कोणाला विचारू मी? तुम्ही तुमचं मन धुतलंत, ह्यांना उचलायला कोण येणार? आतून तिचा नवरा तिला ओरडू नकोस म्हणत होता, आणि त्याच्या आवाजाला मी जास्त घाबरले.

मग तिला घेऊनच मी वरच्या मजल्यावर माधुरीकडे गेले. ही माझी जुनी विद्यार्थिनी, आता सोसायटीची सचिव. गणितात कच्ची होती, पण खमकी. तिने सांगितलं की कंपनी आणि सोसायटी यांच्यातला मुख्य करार अजून नोंदवायचा आहे, या सह्या नुसत्या संमतीच्या. तिने अख्खी वही उभ्याने वाचली. म्हणाली, बाई, या त्रेचाळीस शंका करारात उत्तरांसकट जोडल्याशिवाय सोसायटीचा शिक्का लागणार नाही, सर्वसाधारण सभेत मी ठराव आणते. पास होईल का ते तिला माहीत नाही. काहीजणांना घाई आहे, ते तिला शिव्या देतील. त्या सभेत बसून वही वाचून दाखवायला तिने मला बोलावलं आहे, बिनपगारी. शांताबाई म्हणाली, बाईंनी यायलाच हवं, आणि मग माझ्याकडे न बघता चहा ठेवायला गेली.

मी चूक केली का, दादू? पगार गेला, गाडी गेली, आणि तळमजल्याचा प्रश्न होता तिथेच आहे. त्या संध्याकाळी घरी परतताना मात्र मी बाकावर बसले नाही. त्याचा अर्थ काय लावायचा ते तूच बघ, मला सध्या अर्थ लावायचा कंटाळा आला आहे.

शाळेचा चार्ज सोडताना मी टाचणीसुद्धा मोजून दिली होती. इथे कोणी यादी मागितली नाही, तरी मी केली. तुझ्या दप्तरी एक प्रत असावी म्हणून खाली उतरवते.

लोभ मोजून ठेवला आहेस तेवढा राहू दे.

तुझी,
सुगंधाअक्का

सोपवल्याची यादी, ता. ६ ते १० फेब्रुवारी २०२५

१. ओळखपत्र, गळ्यातल्या पट्टीसह: हर्षद यांच्याकडे. पोच मिळाली.
२. टॅब्लेट, चार्जर आणि कंपनीची छत्री: हर्षद यांच्याकडे. पोच मिळाली.
३. न वाटलेले स्टीलचे डबे, नग अकरा: हर्षद यांच्याकडे. पोच मिळाली. त्यांनी एक ठेवून घ्यायचा आग्रह केला. घेतला नाही.
४. शंकावही, लिहिलेली पानं सत्तावीस: प्रथम कंपनीकडे. पोच नाकारली. नंतर माधुरी, सचिव, सुखदा सोसायटी यांच्याकडे. पोच मिळाली, शिक्का आणि तारखेसह. साक्षीदार म्हणून शांताबाईची सही.
५. कानाच्या तपासणीची चिठ्ठी, शनिवार सकाळी अकरा, मशीनचे पैसे भरलेले आहेत: या पाकिटातून चि. दादूकडे. पोच बाकी.