आई चौथ्या दिवशी उठली होती

९ नोव्हेंबर

‘संत्रा निवडणाऱ्या बायांनो, तुम्ही झाडाखाली असताना फवारणी सुरू करणारा मालक स्वतःच्या लेकीला त्या झाडाखाली उभं करेल का?’ — इथून सुरुवात केली. पांढुर्ण्याचं सभागृह पहिल्याच वाक्यात माझं झालं! कागदाकडे पाहिलंही नाही.

पाहायला हवं होतं. कागदावर होतं — अकरा वर्षांपूर्वी माझी आई फवारणीच्या बागेत चक्कर येऊन पडली, चौथ्या दिवशी उठली. मी म्हणाले, ‘ती पुन्हा उठली नाही.’

का म्हणाले? मागच्या रांगेत दोघी कुजबुजत होत्या. त्या गप्प झाल्या. सगळंच गप्प झालं. बायांनी पदर डोळ्यांना लावले. मेळावा भरवणाऱ्या रजनीताईंनी माईक घेतला आणि सगळ्यांना श्रद्धांजलीसाठी दोन मिनिटं उभं केलं. मीही उभी राहिले. मान खाली घालून!

रात्री बसनं सौंसरला घरी आले. आई दारातच. ‘झालं का वं भाषण, दीपाली? घसा बसला असन. आल्याचा चहा टाकू?’

१० नोव्हेंबर

चहा प्यायले. काही बोलले नाही.

१४ नोव्हेंबर

रजनीताईंनी भाषणाचा व्हिडिओ पाठवला. सोबत निरोप — सात डिसेंबरला पुन्हा पांढुर्ण्यात मेळावा, तुम्हीच बोला, आईंचा एक फोटो द्या, स्टेजवर ठेवू.

आता तरी खरं सांगता आलं असतं. एक फोन पुरला असता. फोटो पाठवला! आधार कार्डासाठी काढलेला.

१६ नोव्हेंबर

व्हिडिओचं आईला कळलंच. ‘मोबाईलवर काय दिसते? चष्मा लावला तरी तू मुंगीएवढी. टीव्हीवर लाव. शेडातल्या बायांलेही बलावू.’

संध्याकाळी सातजणी आल्या. तिच्यासोबत संत्रा निवडणाऱ्या. चटई, चिवडा, सगळी तयारी. दिवाळीत अमोलनं — माझ्या भावानं — आणलेला मोठा टीव्ही पुसून ठेवलेला.

टीव्ही घरच्या वायफायवर. मी लॅपटॉप गुपचूप माझ्या मोबाईलच्या नेटवर टाकला. दोन्ही एकाच वायफायवर नसले तर लॅपटॉपला टीव्ही सापडत नाही. मला हे माहीत आहे. चांगलं माहीत आहे! पडद्यावर ‘शोधत आहे’ आणि गोल फिरतोय, फिरतोय.

कुसुममावशी म्हणाली, ‘माह्या नवऱ्यावानी आहे वं हे. फिरते लय, पोचत कुठीच नाही!’

सगळ्या हसल्या. मी सगळ्यांत जोरात. आई हसली नाही. पोळी फुगायची वाट पाहावी तशी त्या गोलाकडे पाहत राहिली.

शेवटी म्हणाली, ‘जाऊ द्या. अमोल आला का पाहू.’ उरलेला चिवडा पुड्यांत बांधून दिला.

मी गावोगाव सत्यावर बोलते. लोक टाळ्या वाजवतात.

२३ नोव्हेंबर

लिहायचं नव्हतं. लिहिते.

अमोल नागपूरहून सकाळच्या गाडीनं आला. ‘ताई, लॅपटॉप मोबाईलच्या नेटवर काऊन आहे? एवढी कपाटभर पुस्तकं वाचली, एवढं नाही समजलं?’ दोन मिनिटांत मी भिंतीवर! माणसाएवढी. हात उंच, मूठ वळलेली.

कुसुममावशी पळत जाऊन बाकीच्यांना घेऊन आली. आई सगळ्यांत पुढे.

बाया आधी ‘वाह वं पोरी!’ म्हणत होत्या. मग ते वाक्य आलं. मी लॅपटॉपचं झाकण पाडलं. टीव्ही काळा. पण वाक्य होऊन गेलं होतं. सातही जणी आईकडे पाहत होत्या.

‘ताई, हे काय?’ अमोल.

आई म्हणाली, ‘लाव रे. पुढचं पाहू दे.’

त्यानं लावलं. टीव्हीत रजनीताईंनी श्रद्धांजली म्हटलं, सभागृह उठलं — आणि आईही उठली! कोणासाठीही लोक उभे राहिले की तीही राहते, तशीच. हात जोडून.

कुसुममावशीनं पदर ओढला. ‘बस वं चंद्रकला! तुह्यासाठीच आहे ते.’

आई बसली नाही. दोन मिनिटं पूर्ण उभी राहिली.

२४ नोव्हेंबर

आई कामावर गेली. माझा डबा भरून ठेवला होता.

२७ नोव्हेंबर

शेडमध्ये म्हणे कुसुममावशी रोज ओरडते — ‘आली वं मेलेली! क्रेट द्या तिले!’ आईनंच सांगितलं, भाजी चिरता चिरता. मी पाय धरायला वाकले. तिनं विळी बाजूला सरकवली — मला लागू नये म्हणून.

‘लोक रडले नं. मंग चांगलंच झालं असन भाषण,’ म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, ‘पण मी उठली होती नं, पोरी. डोळ्यापुढं अंधारी येत होती. तुह्या कॉलेजचा फॉर्म भराचा होता, म्हनून उठली. उठाले लय तरास झाला होता.’

एवढंच. पुन्हा भाजी.

अकरा वर्षं मी तिच्या पडण्यावर बोलते आहे. उठण्यावर एकदाही बोलले नाही.

५ डिसेंबर

तिला फोटोचंही सांगितलं. हार घालणार आहेत, तेही. ‘रविवारी चल माझ्यासोबत,’ म्हणाले.

तिनं पेटीतली लुगडी चाळली. मग — ‘मेलेल्या बाईनं काय नेसून यावं?’

७ डिसेंबर

पांढुर्णा. स्टेजवर फोटो, त्याला झेंडूचा हार. आई पहिल्या रांगेत, निळ्या लुगड्यात. कोणी ओळखली नाही.

भाषण लिहिलं नव्हतं. एवढंच बोलले —

‘संत्रा निवडणाऱ्या बायांनो, मागच्या वेळी मी तुमच्याशी खोटं बोलले. माझी आई चौथ्या दिवशी उठली आणि कामावर गेली. आई, ऊठ. वर ये. तो हार तुझ्या हातानं काढ.’